डबी लावल्याने युनिट कमी होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॉकेटमध्ये खोचली की फ्रिज, पंखा, पाण्याची मोटार अशा सगळ्यांचे बिल निम्मे करणाऱ्या डबीची जाहिरात आपल्या पुरवणीत पाहिली. आयटीआयमध्ये मोटार वाइंडिंग शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली, म्हणून हे पत्र.

आठवडी बाजारातले विक्रेते क्लॅम्प मीटर लावून दाखवतात. डबी लावताच अँपिअरचा म्हणजे करंटचा आकडा खाली येतो. त्यात हातचलाखी नसते. आतल्या कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारतो आणि लाइनमधून येणारा करंट खरोखरच घटतो. पण घरगुती बिल अँपिअरवर निघत नाही, किलोवॅट-तासांवर म्हणजे युनिटवर निघते, आणि ते होते तेवढेच राहतात. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येते, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असला की बिल वाढते. कपॅसिटरचा हिशेब त्या कारखानदारांनी जरूर करावा.

मोटारीची वीज वाचवणारा खरा कंट्रोलरही आहे. 'नासा'च्या मार्शल केंद्रातले अभियंते फ्रँक नोला यांना त्याचे पेटंट १९७७ साली मिळाले. भार हलका झाला की व्होल्टेज आणि करंट यांच्या लाटांमधले अंतर (फेज) वाढते. ते ओळखून हे सर्किट मोटारीचे व्होल्टेज उतरवते. फायदा मात्र बराच वेळ हलक्या भाराने फिरणाऱ्या इंडक्शन मोटारीलाच (रोटरला तारेने वीज न देता चुंबकीय प्रेरणेने फिरवणाऱ्या). घरघंटीतले दाणे संपूनही ती फिरत राहिली तर थोडी बचत होईल (बटण बंद केले तर फुकटात!). टाकीत पाणी चढवणारा पंप भरल्या भारावरच चालतो, तिथे फारसे काही हाती लागत नाही. मिक्सरची मोटार तर इंडक्शन जातीचीच नाही.

डबीच्या पैशांत आणखी थोडी भर घालून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा घ्यावा. त्याच्या रोटरमध्ये म्हणजे फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात आणि कंट्रोलर पंख्याच्या आतच असतो. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो, ३० वॅटचा बीएलडीसी ११ च्या आत भागवतो. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे आहे, ते दुकानातच वाचून घ्यावे. स्वस्तातला पंखा गळ्यात मारणारे दुकानदार त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत.

आपणास विनंती एवढीच, की अशी जाहिरात स्वीकारताना कंपनीकडे चाचणीचा अहवाल मागावा. तोही अँपिअरचा नको, युनिटचा.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सांगली