मावशी आठ दिवस शेतावर राहिली

देपालपूर, जि. इंदूर
18 जानेवारी

तीर्थस्वरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मावशीला परवा संध्याकाळी इंदूर स्टेशनावर अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसवून आम्ही परत आलो, आणि रात्री उशिरा ती बडोद्याला घरी सुखरूप पोचल्याचा फोनही आला. आई, तू आठवड्याभरात तीनदा विचारलेस की तिचे खाणेपिणे नीट होते ना, आणि मी तिन्ही वेळा नुसते ‘हो’ म्हणाले, कारण ती शेजारीच बसलेली असे. तेव्हा आता सगळे सविस्तर लिहिते. शेवटी तुम्हा दोघांना एक गोष्ट विचारायचीही आहे.

आधी माझी चूक सांगते. ती 9 तारखेला सकाळी आली, तेव्हा दिवसभर ऊन मिळेल म्हणून मी तिची व्यवस्था माडीवरच्या खोलीत केली. आपला जिना किती उभा आहे आणि ती आता शहात्तर वर्षांची आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. दुसऱ्या रात्री ती पाणी प्यायला म्हणून कोणालाही हाक न मारता खाली यायला निघाली आणि तिसऱ्या पायरीवरून तिचा पाय सरकला. कठडा हाती लागल्यामुळे मनगटाला थोडे खरचटले, एवढ्यावर निभावले. मात्र मी ती उरलेली रात्र जागून काढली. सकाळी उठताच तुमची खालची खोली उघडली, गाद्या उन्हात टाकल्या आणि तिचे सामान तिथे आणले. बाबा, तुमच्या टेबलावरचे कागद आणि चष्म्याची जुनी डबी मी हलवलेली नाही. मावशीनेही त्याला हात लावला नाही, पुस्तके तेवढी विचारून घेतली.

खाण्याचे म्हणशील तर पहिले दोन दिवस मी उगाच फार मांडले. ती ताटात निम्मे ठेवी आणि मग तिलाच संकोच वाटे. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितले की सकाळी पोहे, दुपारी ज्वारीची भाकरी आणि लसणीची ओली पात घातलेले पिठले, आणि रात्री मऊ खिचडी, एवढे तिला पुरे. बटला, म्हणजे वाटाणा, शेतातून रोज ताजा येत होता, तो सोलायला ती अंगणात बसे. सोलता सोलता धाकटीला पाढे म्हणायला लावी, आणि एकोणतीसचा पाढा त्या मुलीला आता न अडखळता येतो. रविवारी मात्र बाफले केले. शेतावरच्या दाजींनी गोवऱ्या रचल्या, ह्यांनी कणकेचे उकडलेले बाफले विस्तवात फिरवले, आणि मावशीने ‘अर्धाच दे’ म्हणत म्हणत तुपात बुडवलेले दोन खाल्ले. तिने आणलेला बडोद्याचा लीलो चेवडो मुलांनी दोन दिवसांत संपवला. बाबांसाठी वेगळा आणलेला पुडा मी डब्यात ठेवला आहे, दादा आला की त्याच्याबरोबर पाठवीन.

बाबा, शेताचेही सांगते. चार बिघ्यांत यंदा पूसा तेजस गहू लावला आहे, तो पोटरीत आला असून त्याचे तिसरे पाणी याच आठवड्यात दिले. हरभऱ्याला घाटे भरपूर धरले आहेत. शेताच्या विजेचे दहा तास दिवस-रात्रीत विभागून येतात हे तुम्हाला माहीतच आहे. कोणत्या वाफ्याला किती वेळ मोटार चालली याचा हिशोब माझ्याकडून दर वर्षी विस्कटतो. मावशीने तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारून वाफे, तास आणि पाळी यांचा असा तक्ता करून दिला की दाजीसुद्धा आता मोटार बंद केली की आधी तिथे येऊन खूण करतात. तिला शेतीतले काही कळत नाही असे ती येताना म्हणत होती. पण डोळसपणे विचारलेल्या तिच्या प्रश्नांमुळे मलाच दोन वाफ्यांचा उतार नीट नाही हे समजले.

एक दुपार आम्ही यशवंत सागर तलावावर गेलो. 2022 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्यापासून तिथे पक्षी पाहायला येणारी माणसे वाढली आहेत. आम्हाला परतीच्या वाटेवर, काठाजवळच्या एका हरभऱ्याच्या शेतात सारसांची जोडी दिसली. मावशीने गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ काचेतून पाहत राहिली. मग तिनेच ‘चला’ म्हटले.

आता 12 तारखेच्या रात्रीविषयी. त्या दिवशी दुपारनंतर वारा अगदी पडला, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, आणि दिवेलागणीलाच हाताची बोटे वाकेनाशी झाली. अशा संध्याकाळी तुम्ही जेवण अर्धे टाकून उठत असा, ते मला आठवले. पाला, म्हणजे गोठलेले दव, पडला तर बटला आणि हरभरा एका रात्रीत काळा पडतो, म्हणून वीज होती तोवर दोन्हींना हलके पाणी दिले, कारण ओली जमीन दिवसाची ऊब लवकर सोडत नाही. मध्यरात्रीनंतर वायव्येच्या बांधावर सोयाबीनच्या ओलसर भुशाचे ढीग पेटवले, म्हणजे धूर पिकावर पसरून राहील. मी, हे आणि दाजी आळीपाळीने ढिगांवर लक्ष ठेवत होतो. मावशीला झोपायला सांगून आम्ही गेलो होतो, पण एक वाजता ती बाबांची घोंगडी पांघरून, काठी टेकत, बॅटरीच्या उजेडात बांधापर्यंत आली. रागावण्यात अर्थ नव्हता. दाजींनी खाट आणली आणि ती शेकोटीजवळ बसली.

तिथे ती जे बोलली ते तुम्हाला सांगितलेच पाहिजे असे मला वाटते. काका श्रावणात गेले, त्यानंतर तिने कोणाहीपुढे काही बोलून दाखवलेले नाही. बडोद्यात उत्तरायणाला घरात कोणी थांबत नाही, सगळे गाव गच्चीवर असते, आणि काका तर आदल्या रात्रीच पतंगांना कण्या बांधून ठेवत. लग्न झाल्यापासून दर वर्षी फिरकी मावशीच्या हातात असे. ती म्हणाली, “मांजा सोडताना बोटांना किती ताण लागतो ते माझ्या बोटांना ठाऊक आहे, पण यंदा गच्चीवर जाऊन मी करू काय?” मग मला परतीच्या तिकिटाचा अर्थ कळला. चौदाला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण, आणि तिचे आरक्षण होते 16 तारखेचे. ती आपल्याकडे पाहुणी म्हणून आली खरी, पण ते दोन दिवस तिला त्या गच्चीखाली काढायचे नव्हते. आम्ही कोणी तिला बोलावलेही नव्हते, तिने आपणहून फोन करून ‘येऊ का’ असे विचारले होते, हे आठवून मला फार वाईट वाटले.

पाला पडला, पण आपल्याकडे बांधालगतच्या दोन-तीन ओळीच करपल्या, बाकी पीक वाचले.

संक्रांतीला आपल्या गावात पतंग थोडेच, मुले गिल्ली-दांडूच जास्त खेळतात, त्यामुळे वर आकाश शांत होते. धाकटीने कुठून तरी एक पतंग आणला आणि फिरकी धरायला मावशीला बोलावले. ती नको म्हणाली आणि आत गेली. मी धाकटीला पुन्हा विचारू दिले नाही. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला गावातल्या आणि शेजारच्या मळ्यावरच्या मिळून अकरा जणी आल्या होत्या. आई, मी पहिला तिळगूळ मावशीच्या हातावर ठेवला, तिलाच आधी कुंकू लावले आणि वाणही दिले. एक-दोघींनी एकमेकींकडे पाहिले, पण कोणी काही बोलले नाही. मावशीने माझा हात धरून ठेवला. मी हे तुला न विचारता केले, तरी तू असतीस तर असेच केले असतेस याची मला खात्री आहे.

आता विचारायचे ते असे. तुम्ही दादाकडे पुण्याला गेल्याला दोन वर्षे झाली, आणि बाबांचा गुडघा पाहता तुम्ही इथे याल ते दिवाळीला आणि मे महिन्यात, असे दादा म्हणतो. मधल्या काळात, विशेषतः थंडीचे तीन महिने, मावशीने तुमच्या खोलीत राहावे अशी माझी आणि ह्यांची इच्छा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ती एकटी असते, आणि रात्री पाण्यासाठीसुद्धा कोणाला हाक मारायची नाही ही सवय तिला तिथेच लागली आहे. खोली तुमची आहे, म्हणून तुमच्या होकाराशिवाय मी तिच्याजवळ हा विषय काढलेला नाही. तुम्ही याल तेव्हा खोली तुमचीच राहील, मावशीची खाट मी मधल्या खोलीत टाकीन.

होकार असेल तर आई, फोन करू नकोस. फोनवर ती सगळ्यांना ‘माझे उत्तम चालले आहे’ असेच सांगते. तू स्वतःच्या हाताने तिला पत्र लिही, कारण धाकट्या बहिणीचे पत्र ती बाजूला ठेवणार नाही. आणि बाबा, तुमचे उत्तर मला मार्चच्या आत हवे आहे. गहू निघाला की गवंडी मोकळा होतो, तेव्हा न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेईन आणि उंबऱ्याची ती उंच फरशीही काढीन. दांडा कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर हवा, ते तुमच्या गुडघ्याच्या हिशोबाने कळवा, म्हणजे तिघांच्याही उपयोगी पडेल.

तुमची,
लेक