दातांचे तज्ज्ञ : पगार घेऊन की फी भरून?

मा. संपादक,

अमेरिकेत दंतवैद्यकाची पदवी घेतलेली माझी भाची पेचात आहे. पुढचे विशेष शिक्षण सैन्यात घ्यावे की नागरी रेसिडेन्सीत? घरच्यांचा कौल एकच, ‘सैन्यात फी नाही, वर अधिकाऱ्याचा पूर्ण पगार!’ खरे आहे. नागरी ऑर्थोडॉन्टिक्सला, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेला, बऱ्याच ठिकाणी उलट फीच मोजावी लागते, डोक्यावर पदवीचे कर्ज असतानाच. दर्जाचेही तसेच, दोन्हीकडच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था एकच.

पण पगार ऐकला की बाँड कोणी वाचत नाही. शिक्षणानंतर काही वर्षे सेवा सक्तीची, बदली सैन्य ठरवणार, कोणत्या शाखेच्या किती जागा हेही सैन्याच्या गरजेवर.

मला मात्र खुर्चीत बसणारा रुग्ण महत्त्वाचा वाटतो. सैन्यात तो बहुधा तरुण आणि धडधाकट. अक्कलदाढा हव्या तितक्या. लहान मुले आणि कवळीवाले आजोबा कमी. तिथे सैनिकांच्या दातांचे चार वर्ग करतात. तिसऱ्या वर्गातला दात वर्षभरात दगा देईल असे धरतात आणि तो दुरुस्त होईपर्यंत सैनिकाला साधारणपणे मोहिमेवर पाठवत नाहीत. नौदलाच्या जहाजावर दंतवैद्य एकटाच असेल, तर रूट कॅनॉलपासून दाढ काढण्यापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात. हात असा तयार होतो की विचारू नका!

भाचीला विचारले, ‘तुला कुणाचे दात बघायचेत?’ ‘लहान मुलांचे,’ ती पटकन म्हणाली. घरात पगाराचा हिशेब अजून चालूच आहे.

– एक वाचक