सायकलला बोट चालते, पूल चालत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी ५४ वर्षांची परिचारिका, राहणार जोगेश्वरी पूर्व. शनिवारची रात्रपाळी नसली की रविवारी सायकल काढते. मागच्या रविवारी भाच्याबरोबर उत्तनपर्यंत जाऊन आले, त्यावरून हे पत्र.

निघण्याआधी तिथी बघायची, हे मला वेसाव्याच्या एका कोळीणमावशीने शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. त्या दिवशी द्वादशी, म्हणजे नऊला भरती. साडेसहाला वेसाव्याच्या धक्क्यावर पाणी चढतच होतं. बोटीत मोटरसायकली, पाट्या, बायका, शाळकरी पोरं आणि आमच्या दोन सायकली. नावाडी एवढंच म्हणाला, "ताई, पुढं ठेवा, हँडल आडवं करा." पाच-सात मिनिटांत खाडीपलीकडचं मढ. रस्त्याने मालाडवरून आलं तर वीसेक किलोमीटरचा फेरा पडतो.

पुढे एरंगळ, आक्सा, मग मार्वे. मार्व्याहून पुन्हा बोटीने मनोरी. तिथून गोराईवरून उत्तन, झेंडूच्या माळा घातलेले जुने क्रूस बघत. उत्तनला वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडवांवर, बोंबील वाळत होते. जवळ जाऊन पाहिलं तर बांधायला दोरा नाहीच. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. भाच्याने करून पाहिलं, दात बोटाला लागले. पट्टी माझ्याकडे असतेच.

येताना मनोरीला तीन वाजले आणि हिशोबाप्रमाणे ओहोटी. सायकल खांद्यावर, पाय पोटरीपर्यंत चिखलात. तरीही बोटवाल्याने नाही म्हटलं नाही.

आता मुद्दा. वांद्रे-वरळी सी-लिंक २००९ साली सुरू झाला, त्यावर सायकलला बंदी. कोस्टल रोडवर गाड्या २०२४ पासून धावतात, तिथेही बंदी. त्याच वर्षी सुरू झालेला अटल सेतू जवळपास २२ किलोमीटरचा, तिथेही तेच. वेगवान मोटारींमध्ये सायकलस्वार चिरडला जाईल, हे कारण मला मान्य आहे. अपघात विभागात मी काय काय पाहिलंय ते इथे लिहीत नाही. पण मग कठडा घालून दीड-दोन मीटरची वेगळी पट्टी का नाही? समुद्रावरून जाणाऱ्या रस्त्यावर समुद्र बघायची मुभा फक्त काचेआडून, हे काही पटत नाही.

वेसावे ते मढ पूल बांधायची महापालिकेची योजना आहे. व्हावा. मढच्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर बोटीच्या भरवशावर राहता येत नाही. मात्र त्या पुलावर सायकलची आणि पायी चालणाऱ्याची पट्टी नकाशातच धरावी, मागाहून रंग मारून दाखवू नये. तेवढं जमत नसेल तर निदान फेरीबोट बंद पडू देऊ नये. धक्क्यावर सायकल घेऊन येणारे सगळे माझ्यासारखे हौशी नसतात. सोमवारी सकाळी बघा, कॅरिअरला डबा लावून कामावर निघालेली माणसं दिसतील.

येत्या रविवारी चतुर्थी. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला मार्व्याला चिखलच. भाच्याला जुन्या चपला आणायला सांगितलंय.

आपली,
एक वाचक, जोगेश्वरी (पूर्व), मुंबई