इंडियन ओपन आणि पिशवी वाहणारी पोरे

खारघर, नवी मुंबई
दि. ८ एप्रिल २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला तू फोन केलास तेव्हा मी गुरुग्रामला चाललेल्या इंडियन ओपन गोल्फ स्पर्धेची शेवटची फेरी टीव्हीवर पाहत होतो. त्यावर तू नेहमीच्या ठाणेकरी स्पष्टपणाने विचारलेस की साहेबांनी काठी फिरवायची आणि गरिबाच्या पोराने पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालायचे, या प्रकारात पाहण्यासारखे आहे तरी काय. खारघरच्या डोंगराखाली सिडकोचे गोल्फ मैदान झाल्यापासून तू मलाही त्या साहेबांतच जमा करून टाकले आहेस, त्याचे मला काही वाटत नाही. मात्र पिशवी वाहणाऱ्या पोराचा उल्लेख तू केलास तो फार योग्य ठिकाणी केलास, कारण माझ्या मते या स्पर्धेचा साठ वर्षांचा इतिहास सांगण्याजोगा झाला तो त्याच पोरामुळे. म्हणून हे लांबलचक पत्र.

सुरुवात मात्र साहेबांपासूनच झाली, हे तुझे म्हणणे मान्य. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब. असे क्लब देशात शंभराहून अधिक वर्षे नांदत होते, पण परदेशी व्यावसायिकांनी यावे अशी खुली राष्ट्रीय स्पर्धा आपल्याकडे नव्हती. ती १९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबवर सुरू झाली आणि तिच्या जन्मामागे पीटर थॉमसन या ऑस्ट्रेलियन खेळाडूचा मोठा वाटा होता. ब्रिटिश ओपन ही गोल्फमधील सर्वांत जुनी स्पर्धा त्याने पाच वेळा जिंकली, त्यांपैकी १९५४, ५५ आणि ५६ अशी ओळीने तीन वर्षे. इतक्या मोठ्या खेळाडूने, जिथे बक्षिसाची रक्कम त्याच्या दृष्टीने किरकोळच असणार अशा देशात स्पर्धा उभी राहावी म्हणून खटपट केली. पहिलीच स्पर्धा त्याने स्वतः जिंकली, आणि पुढे १९६६ व १९७६ सालीही विजेता तोच होता. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या मैदानाची नव्याने आखणी करण्याचे कामही त्यानेच केले.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, एक विलक्षण गोष्ट घडली. प्रेम गोपाळ सेठी, ज्यांना सगळे ‘बिल्लू’ म्हणत, या हौशी खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकून स्पर्धा जिंकली. हौशी खेळाडूला नियमानुसार रोख बक्षीस घेता येत नाही, त्यामुळे मान तेवढा त्यांचा झाला. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्यानंतर एकाही हौशी खेळाडूला ती जिंकता आलेली नाही.

पुढची पंचवीस वर्षे मी भराभर सांगतो, कारण आपल्या दृष्टीने ती कोरडी गेली. १९७० पासून ही स्पर्धा आशियाई साखळीचा भाग झाली. आज मनिला, उद्या बँकॉक, परवा दिल्ली किंवा कोलकाता असे फिरणारे जपानी, तैवानी, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन खेळाडू इथे येत आणि करंडक घेऊन जात. त्यांतले एक नाव मात्र तू लक्षात ठेव. १९८१ चा विजेता पेन स्टुअर्ट हा तरुण अमेरिकन, मायदेशातील मुख्य दौऱ्यावर, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेत, प्रवेश मिळेना म्हणून आशियात खेळायला आला होता. पुढे त्याने अमेरिकेतील तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्यांतली शेवटची १९९९ च्या जूनमध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात तो गेला. आपल्या स्पर्धेने जगाला दिलेला तो सर्वांत मोठा खेळाडू असे मी म्हणतो, आणि ते थोडे अतिशयोक्त आहे हेही मला ठाऊक आहे.

आता तुझ्या मूळ आक्षेपाकडे येतो. आपल्याकडील क्लबांचे सदस्यत्व मिळणे किती दुरापास्त आहे हे तुला माहीत आहे, दिल्लीत तर त्यासाठी लोक काही दशके थांबतात. पण त्याच क्लबांत आणखी एक वर्ग रोज पहाटेपासून मैदानावर असे, तो म्हणजे कॅडींचा. सदस्याची पिशवी वाहणे, चेंडू कुठे पडला ते शोधणे, किती अंतर उरले ते सांगणे आणि ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचा, उतार कोणत्या बाजूला आहे हे वाचणे, ही त्यांची कामे. हे करता करता ज्याला खेळ समजला आणि ज्याच्या हाती कुणाची तरी टाकून दिलेली काठी आली, तो क्लबच्या सुट्टीच्या दिवशी किंवा झाडीच्या आडोशाला खेळू लागला. सदस्य आठवड्यातून दोनदा मैदानावर येणार, हा मात्र वर्षाचे सगळे दिवस तिथेच. मैदानाची नस त्याला अधिक कळली यात नवल ते काय?

दिल्लीचे मैदान तर अशा ज्ञानाची कसोटी पाहणारेच आहे. लोधी आणि मुघल काळातील थडगी, मोर, आणि दोन्ही बाजूंनी इतकी दाट काटेरी झुडपे की फेअरवे, म्हणजे खेळायची कापलेल्या गवताची पट्टी, सोडून गेलेला चेंडू सापडला तरी तो मारायला जागा मिळत नाही. लांब फटके मारणारे परदेशी खेळाडू तिथे हतबल होत, आणि ड्रायव्हर ही सर्वांत लांब फटक्याची काठी पिशवीतच ठेवून लोखंडी काठीने सरळ, मोजका फटका मारणारा स्थानिक खेळाडू पुढे निघून जाई. १९९१ साली याच मैदानावरचा पूर्वीचा कॅडी अली शेर इंडियन ओपन जिंकला. सेठींनंतर सव्वीस वर्षांनी भारतीय विजेता, आणि व्यावसायिकांपैकी तर पहिलाच. तो योगायोग नव्हता हे त्याने १९९३ साली पुन्हा जिंकून दाखवले.

त्यानंतर दार उघडले. १९९८ साली कोलकात्याचा फिरोज अली, १९९९ साली अर्जुन अटवाल, २००० साली ज्योती रंधावा असे ओळीने तीन भारतीय विजेते झाले, आणि २००२ साली लखनौचा विजय कुमार. इथे मला तुझ्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे. यांतले सगळे पिशवी वाहून वर आलेले नाहीत. अटवाल अमेरिकेत शिकायला गेलेला, रंधावा लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा. रंधावाने २००६ आणि २००७ सालीही स्पर्धा जिंकून थॉमसनच्या तीन विजेतेपदांशी बरोबरी केली. आणि ज्याने भारतीय गोल्फला युरोपचा रस्ता दाखवला त्या जीव मिल्खा सिंगला मात्र मायदेशातील ही स्पर्धा एकदाही जिंकता आली नाही! म्हणजे एक धारा छावण्यांच्या बंगल्यांतून आली आणि दुसरी कॅडींच्या शेडमधून, आणि इंडियन ओपन हे या दोन धारा एकाच फलकावर येण्याचे ठिकाण. २००९ चा विजेता बंगळुरूचा चिन्नास्वामी मुनियप्पा, पुन्हा कॅडी. २०१३ चा विजेता सिद्दिकुर रहमान तर ढाक्याच्या कुर्मिटोला मैदानावर लहानपणी चेंडू गोळा करणारा मुलगा.

पण या सगळ्यांत माझा माणूस शिवशंकर प्रसाद चौरसिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळीची निगा राखत. मैदानालगतच वाढलेला हा मुलगा पाहून पाहून खेळ शिकला. उंचीने बेताचा, फटका आखूड, पण ग्रीनच्या आसपास चिप (चेंडू किंचित उचलून मारलेला छोटा फटका) आणि पट (चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) इतके बिनचूक की सहकाऱ्यांनी त्याचे आडनावच ‘चिपपटसिया’ करून टाकले. इंडियन ओपनने त्याला फार छळले. चार वेळा तो दुसरा आला. त्यातले २०१५ चे हुकणे मला अजून सलते: दिल्लीतच, शेवटच्या दिवशी अनिर्बान लाहिरीने सात फटक्यांची पिछाडी भरून काढली आणि बरोबरी झाल्यावर निकालासाठी खेळल्या जाणाऱ्या प्लेऑफच्या पहिल्याच होलवर त्याला हरवले. (लाहिरी लष्करी डॉक्टरचा मुलगा, म्हणजे वर सांगितलेल्या दोन धारा इथे समोरासमोरच आल्या.) पुढच्याच वर्षी चौरसियाने त्याच मैदानावर अखेर विजेतेपद मिळवले, आणि या वेळी मागे राहिलेल्यांत लाहिरी होता.

तरीही जाणकारांची खात्री होती की हे दिल्लीच्या अरुंद मैदानाचे देणे आहे. २०१५ पासून स्पर्धेला युरोपीय दौऱ्याची मान्यता मिळाली होती, आणि २०१७ पासून ती गुरुग्रामला, दक्षिण आफ्रिकेचा नामवंत खेळाडू गॅरी प्लेअर याने आखलेल्या मैदानावर गेली. प्रचंड चढउतार, माणूस उभा बुडेल असे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आणि लांब फटक्यांची सक्ती, असे ते मैदान. आखूड फटक्याच्या खेळाडूचे तिथे काम नाही असे बोलले जात होते. चौरसियाने ती स्पर्धा तब्बल सात फटक्यांच्या आघाडीने जिंकली. सुधीर, मी पाहिलेल्या गोल्फमध्ये याच्या तोडीचे दुसरे काही नाही.

नंतरचा काळ परदेशी खेळाडूंचा आहे. २०१९ साली स्कॉटलंडच्या स्टीफन गॅलाकरने शेवटच्या दिवशी सातव्या होलवर चारच्या जागी आठ फटके घेऊनही स्पर्धा जिंकली, आणि त्याची पिशवी वाहत होता त्याचाच मुलगा. मग साथीमुळे तीन वर्षे खंड पडला. २०२३ साली जर्मनीचा मार्सेल सीम आणि २०२४ साली जपानचा केइता नाकाजिमा जिंकला. नाकाजिमाच्या मागे दुसऱ्या क्रमांकावरच्या तिघांत गुरुग्रामचाच वीर अहलावत होता. परवा पाडव्याला स्पेनचा युजेनियो चाकारा जिंकला तो पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा, चार फेऱ्यांत मिळून अवघे चार फटके कमी खेळून, यावरून मैदान किती कठीण होते ते समज. चौरसियानंतर एकही भारतीय विजेता झालेला नाही.

याचे एक कारण उघड आहे: बक्षिसाची रक्कम वीस लाख डॉलरच्या वर गेल्यावर प्रतिस्पर्धीही त्या तोलाचे येणार. पण मला दुसरे कारण अधिक खटकते. दिल्ली आणि कोलकात्याच्या मैदानांवर स्पर्धा होत होती तेव्हा तिथल्या कॅडीला मैदानाच्या ओळखीचा जो फायदा मिळे, तो आता कुणालाच मिळत नाही. आजचा तरुण भारतीय व्यावसायिक अकादमीत शिकतो आणि त्या शिकण्याचा खर्च सामान्य घराच्या आवाक्यातला नाही. खेळाचा दर्जा त्यामुळे वाढला हे मी नाकारत नाही. तरी स्पर्धेने काही वर्षांतून एकदा दिल्लीच्या झुडपांत परत जावे असे मला वाटते, आणि ते शहाणपणाचे आहे की नुसती आवड, हे तू ठरव.

एक काम सांगतो. तुझ्या वडिलांनी खेळांच्या बातम्यांची कात्रणे चिकटवलेल्या वह्या नौपाड्याच्या घरी माळ्यावर अजून असतील, तर १९६५ च्या सुमाराची पाने पाहशील का? सेठींच्या विजयाची आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी दखल घेतली होती की नाही, आणि घेतली असल्यास किती ओळींत, हे मला पाहायचे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत