गाळा भाड्याने द्या, नाना

ती. आई आणि नाना,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आई रडायला लागते आणि नाना फोन तिच्याच हातात देतात, म्हणून लिहितेय. स्टेशन रोडच्या गाळ्यात मी दवाखाना टाकणार नाही. आखाजी झाली की शहाद्याला जाते. तिथून धडगावकडच्या पाड्यांवर कॅन्सरच्या तपासणीचं काम आहे. होकार कळवून झालाय. नाना, तुम्ही तो गाळा किती हौसेने बांधलात ते मला माहीत आहे. पण रिकामा ठेवू नका, भाड्याने द्या.

आत्या म्हणेलच, एवढं एमडी होऊन पाडे हिंडायचे? तिला सांगा, फॅमिली डॉक्टरचंच काम आहे हे. तोंडाचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी काही वर्षं तिथली कातडी बदलते, आणि बघणाऱ्याला ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पण तेव्हा दुखत नाही, आणि घात होतो तो इथेच. दवाखान्यात माणूस येतो तो दुखल्यावर. केळीच्या बागेतली मजुरी बुडवून कोण येईल? बाई म्हणते, ‘माले काय व्हयेल शे?’ मग आपणच तिच्या दारी जायचं.

आणि हे हवेतलं नाही, नाना. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून टाटा हॉस्पिटलने दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून व्हिनेगरची तपासणी करून घेतली. म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, बिघडलेली जागा पांढरी दिसते. त्याने गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्के कमी झाले. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत बायकांची एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी केली, तर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते 2009 मध्ये छापून आलंय.

व्हिनेगरची तपासणी साधी, पण चुकते तीही साध्याच गोष्टींनी. 5 मिली ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) 95 मिली शुद्ध पाण्यात, रोज ताजं. कालचं वापरलं तर डाग नीट उठत नाही, आणि पातळ न करता लावलं तर बाई भाजते. कापसाच्या बोळ्याने लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. रांग लांब असली की नेमकं हे मिनिट खाल्लं जातं. कडा स्पष्ट असलेला दाट पांढरा डाग दिसला आणि तो लहान असला, तर बहुतेकदा त्याच दिवशी उष्णतेने जाळून टाकता येतो. बाई स्वतःच्या पायांनी घरी जाते. उद्या परत ये म्हटलं की बऱ्याच जणी येतच नाहीत, म्हणून हे त्याच दिवशी उरकायचं.

माझी काळजी करू नका. खोलीला पंखा आहे, कूलर मी घेतेय, पाणी गाळून उकळून पिईन. डोंगरात एकटी जाणार नाही, सोबत नर्सबाई आणि गावची आशाताई असेल. दोंडाईच्यापर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे, अमळनेर काही लांब नाही. कळण्याची भाकरी मात्र आईच्याच हातची लागते मला, अजूनही.

आता तुमचं. नाना, रागावू नका. सकाळी उजेडात आरशासमोर उभं राहायचं. खालची कवळी काढायची, चूळ भरायची. तंबाखूचा विडा डाव्या गालात धरता ना, आधी तिथलीच हिरडी आणि गालाची आतली बाजू बोटाने ताणून बघायची. मग जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल मखमली चट्टा, तिखट लागलं की आग, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला फोड, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मला फोन. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा वाईट. तंबाखू एकदम सुटणार नाही, कळतं मला. जेवणानंतरची तेवढी आधी बंद करा, तिच्या जागी बडीशेप. बाकीची आपण बोलून सोडवू.

आई, तुझी मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला पेस्ट आणून ठेवलीय, ती पाहुण्यांसाठी नाही. पाळी गेल्यावर अंगावरून थेंबभर जरी गेलं, तरी लाजायचं नाही, सांगायचं. व्हिनेगरची तपासणी तुझ्या वयाला नीट होत नाही, कारण बघायची जागा आत सरकलेली असते. तुझी एचपीव्ही करू. स्तनांची तपासणीही त्याच दिवशी, बाई डॉक्टरकडूनच. सरकारी तपासणीत 30 ते 65 वयाच्या सगळ्यांचं तोंड आणि बायकांच्या या दोन्ही तपासण्या दर पाच वर्षांनी करायच्या असतात. तू 61 ची आहेस. मग डॉक्टरच्या आईला सूट कशाला?

दादाला सांगा, चिंगीला नऊ पूर्ण झालेत, एचपीव्हीची लस घ्यायची आहे. दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुढे ढकलू नका, पंधरानंतर तीन लागतात.

आखाजीला येतेच. सांजोऱ्या कमी कर, नानांची साखर बघ. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचाच करा आणि सही करायच्या आधी दादाला दाखवा.

तुमची,
ताई