आधी हिंगाची डबी शोधा

महोदय,

पहाटे पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, असे पुरुषांना घडवणारे व्हिडिओ मुलगा मला पाठवतो. मी ५४ वर्षांचा. मार्चमध्ये पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा कळलं की घरात हिंगाची डबी कुठे असते हेही मला ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी कुकरच्या तळाला पाणी घालायचं विसरलो. “अहो, शिट्टी नाही, वास येतोय!” ती आतून ओरडली. आता वरण जमतं. फोडणी अजून करपते.

२०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामाला बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांचीच! सोसायटीत जिमची वर्गणी निघाली, तेव्हा पुरुषांसाठी स्वयंपाकाचा वर्ग सुचवला. सगळे हसले. नावं आली दोन, त्यातलं एक माझं.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे