ईआयएचा पेपर वर्गाबाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नाशिकमध्ये पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते मंजुरीआधी तपासणे, ज्याला सगळे ईआयए म्हणतात, हा विषय आम्हाला आहे. तो ज्या पद्धतीने शिकवला जातो त्यातून परीक्षा देणारे तयार होतात. जिल्ह्यात एखादा प्रकल्प आला, तर त्याचा अहवाल वाचून चार प्रश्न विचारणारे तयार होत नाहीत. हे बदलता येईल, तेही फारसा खर्च न करता, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेच्या १९६९ च्या पर्यावरण धोरण कायद्यापासून आमची सुरुवात होते. मग १९७१ची लिओपोल्ड मॅट्रिक्स, म्हणजे परिणाम मांडायचा तक्ता, येते : एका बाजूला प्रकल्पातल्या १०० कृती, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक. त्यानंतर आपल्याकडची १९९४ ची अधिसूचना आणि तिच्या जागी आलेली १४ सप्टेंबर २००६ ची. प्रकल्पांचे 'अ' आणि 'ब' वर्ग, छाननी, व्याप्तीनिश्चिती (अहवालात काय काय तपासायचे ते ठरवणे), जनसुनावणी, मूल्यमापन हे चार टप्पे. एवढे यायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे सगळे पाठ करून चांगले गुण मिळवलेल्या कितीतरी मुलामुलींनी नाशिक जिल्ह्यातल्या एकाही प्रकल्पाचा अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला नसतो. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर असे अहवाल आणि समित्यांच्या बैठकांची इतिवृत्ते कुणालाही पाहता येतात. वर्गात ती उघडली जात नाहीत, एवढेच.

असा अहवाल वाचायला घेतला की पहिला प्रश्न पडतो तो पावसाळ्याचा. बहुतेक प्रकल्पांसाठी हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती यांची पायाभूत माहिती एकाच हंगामात, तीन महिन्यांत घेतली जाते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. धरणांसारखे काही प्रकल्प याला अपवाद आहेत. हा नियम पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतो. आपल्या जिल्ह्यात मात्र ती ओळ फार महाग पडते. इगतपुरीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर येवला-नांदगावकडे ५००-६०० च्या आसपास. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातले असंख्य ओहोळ जूनमध्ये जागे होतात आणि दिवाळीनंतर आटतात. मार्च ते मे या काळात पाहणी करणाऱ्याला तिथे दगडगोटे दिसतात. मग खोदकामाची माती, खाणीचा भुगा, भराव नेमका कुठून वाहत जाऊन कुणाच्या भातखाचरात बसणार, हे त्याला कसे कळावे?

त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराचेच घ्या. तिथल्या कड्यांवर फुलणारी कंदीलपुष्पाची एक जात तिथल्याच नावाने ओळखली जाते आणि जगात तिचा वावर फारच थोड्या जागेत आहे. पावसात ती उगवते, फुलते. एरवी तिचा कंद जमिनीत झोपलेला असतो. अंजनेरी आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे म्हणून तिला काहीतरी आधार मिळाला. ज्या डोंगरांना असे संरक्षण नाही, तिथे एप्रिलमध्ये वनस्पतींची यादी केली तर अशा झाडांचे नावही त्या यादीत येणार नाही, आणि यादीत नसलेल्या गोष्टीवर परिणाम शून्य धरला जातो. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचेही तसेच. ते महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले ते हिवाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांमुळे. मे महिन्यात दुर्बीण लावून तिथले पक्षीजीवन मोजून चालेल का?

माझे घर दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेला धूळ किती जाचते, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. घडावर धूळ बसली की मालाची प्रत गेली. त्यात निफाड-दिंडोरीच्या थंडीत सकाळी हवा जमिनीलगत दबून राहते, धूळ वर उठून पांगत नाही. उन्हाळ्यात, खरड छाटणी होऊन वेली बोडक्या झाल्यावर वाहत्या वाऱ्यात हवेतले कण मोजले तर ते मर्यादेत भरतील आणि शेतीवरचा परिणाम किरकोळ ठरेल. त्या आकड्यात कुणी खोटेपणा केलेला नसतो. हंगाम चुकीचा असतो.

हे ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, जिल्हा माहीत असावा लागतो. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थेला मान्यता घ्यावी लागते, हे बरेच आहे. पण तिला पैसे देतो तो प्रकल्पवालाच. आणि अहवाल लिहिणारा माणूस कधी त्या गावात राहिलेला असेलच असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला होता, हे काही वर्षांपूर्वी उघडकीस आले. कोकणातल्या झाडांची ओळख असलेल्या कुणीही तो अहवाल नीट वाचला असता तर पहिल्या दिवशीच पकडला असता. आमच्यातले बरेच जण उद्या अशाच सल्लागार संस्थांत नोकरीला लागणार आहेत. त्यात वाईट काही नाही. उलट म्हणूनच आपला डोंगर, आपली नदी ओळखायची सवय आम्हाला इथेच लागायला हवी.

गौण खनिजाचा, म्हणजे दगड, मुरूम, वाळू यांच्या उत्खननाचा विषय नाशिककरांना वेगळा सांगायची गरज नाही. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या खोदकामावर तुमच्या पानांतून भरपूर लिहून आले आहे. पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणींना पूर्वी पर्यावरण मंजुरी लागत नसे. दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. हा निकाल आम्हाला तारखेसह पाठ आहे. तो लागू होतो ते डोंगर मात्र आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतात आणि तिथे अभ्याससहल जात नाही.

आता जनसुनावणीविषयी. कागदावर ही आपल्या कायद्यातली सर्वांत लोकशाही गोष्ट आहे. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवावा लागतो. सुनावणीचे आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळ करते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी असतात, आणि शेवटी लोक काय बोलले त्याचा गोषवारा त्यांच्याच भाषेत वाचून दाखवावा लागतो. पण मराठीत मिळतो तो सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीतच असतो. ज्याची विहीर जाणार आहे, त्याने भूजलाचे प्रकरण वाचायचे कसे? तो उभा राहून 'आमचे पाणी जाईल हो' एवढेच म्हणतो, समोरून 'योग्य त्या उपाययोजना केल्या जातील' असे उत्तर येते आणि दोन्ही वाक्ये इतिवृत्तात जातात.

इथे आमच्यासारख्यांचा उपयोग आहे. त्या तीस दिवसांत विद्यार्थ्यांनी मसुदा वाचावा, गावच्या पाण्याचे, रस्त्याचे, गायरानाचे जे तपशील त्यात आहेत ते मराठीत लिहून काढावेत, गावात जाऊन ते प्रत्यक्षाशी पडताळावेत आणि ग्रामपंचायतीत वाचून दाखवावेत. प्रकल्प हवा की नको, हे गावाने ठरवावे, आम्ही नाही. आमचे काम अहवालात काय लिहिले आहे ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचे. परीक्षेत त्या मॅट्रिक्सची आकृती काढण्यापेक्षा या कामाला जास्त गुण असावेत.

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडायचे ठरले तेव्हा नाशिककर त्या झाडांसाठी उभे राहिले, त्यात आम्हीही होतो. तेव्हा अनेकांनी आम्हाला विचारले, की या सगळ्या कामांचा एकत्रित परिणाम कुणी तपासला आहे का? २००६ च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत खाण आहे, वीज केंद्र आहे, २०,००० चौरस मीटरांवरचे बांधकाम आहे. मेळा हा तसा 'प्रकल्प' नाही. घाट वेगळा, रस्ता वेगळा, साधुग्राम वेगळे. गोदावरीवर मात्र सगळ्यांचा भार एकदमच पडतो. अंघोळीच्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, हे निकष आम्हाला येतात. गंगापूर धरणाखालपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत, नासर्डी, वाघाडी आणि दारणा मिळतात तिथे, मेळ्याआधी, मेळ्यात आणि नंतर सर्व ऋतूंत हे मोजायला आमच्याइतके हात दुसऱ्या कुणाकडे आहेत?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) या कामासाठी वापरता येतील, वेगळा निधी मागायला नको. आजवर विद्यार्थ्यांनी केलेल्या पाण्याच्या, झाडांच्या, पक्ष्यांच्या नोंदी शोधप्रबंधांच्या रूपात महाविद्यालयांच्या कपाटांत बंद आहेत. त्या एकत्र करून, ठिकाण आणि महिना लिहून लोकांसाठी खुल्या केल्या तर सल्लागाराच्या एका हंगामाच्या आकड्यांशेजारी ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल. जुलै-ऑगस्टमधला एक सक्तीचा क्षेत्रअभ्यास विद्यापीठाने याच वर्षीपासून या पेपरला जोडावा. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने प्रत्येक जनसुनावणीच्या सूचनेची व मसुद्याची एक प्रत, सूचना निघाल्या दिवशीच, पर्यावरणशास्त्र शिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या सर्व विभागांना पाठवावी, ही माझी विनंती आपल्या पत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपली,
पर्यावरणशास्त्राची एक विद्यार्थिनी, नाशिक